उजव्या हाताची बंदूक

अल थुमामा, दोहा
४ ऑक्टोबर २०२४, जुम्मा

सबीहा आपा,

सलाम. तुझ्या कानाशी फोनवरून ओरडण्यापेक्षा कागदावर लिहिलेलं बरं. तुलाही कळतं आणि माझ्या शेजाऱ्यांना कळत नाही. पत्राचा फोटो पुसट आला तर सांग, परत काढून पाठवतो.

आधी बातमी. तसनीमसाठी बंदूक घेतली. दचकू नकोस, डुकरं मारायला नाही घेतली! तिच्या खेळाची बंदूक आहे. जमिनीतल्या यंत्रातून मातीची तबकडी भर्रकन सुटते, ती हवेतच फोडायची. ट्रॅप म्हणतात त्याला. क्लबच्या जुन्या बंदुकीवर पोरगी पंचवीसातल्या एकवीस-बावीस फोडते, चांगल्या चांगल्या मुलांना पाणी पाजते. पण क्लबची बंदूक देशाबाहेर नेता येत नाही, आणि वीस डिसेंबरला दिल्लीला ज्युनियर मुलींची निवड चाचणी आहे. वयाच्या हिशेबानं तिची ही शेवटची. तिथं निवड झाली तर कॅम्पला ठेवून घेतात, राहायची-शिकायची सोय होते. आमची कंपनी तर डिसेंबरअखेर गाशा गुंडाळतेय. मग मी कुठला स्टोअरकीपर आणि कुठलं दोहा! आपलं दाभोळ गाठायचं. दाभोळात पोरीनं काय फोडायचं, नारळ? म्हणून म्हटलं, एवढं एक दार उघडं आहे, त्यातून तिला पार करू या.

दुकानात इटलीच्या बंदुका पाहिल्या. किंमत ऐकून मी दुकानदाराकडे पाणी मागितलं. मग त्यानं तुर्कीची दाखवली. आपा, माल बघायला हवा होतास. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर सुरेख रेषा, नळ्या दोन, एकावर एक. आणि इटलीवालीच्या पाव किमतीत! दुकानात मलबारी सेल्समन होता. त्यानं विचारलं, राइट हँड की लेफ्ट हँड? मी म्हटलं, राइट, राइट! विचारतोस काय बाबा? आम्ही कोकणी मुसलमान, आमच्या घरात डाव्या हातानं कुणी पाणीसुद्धा पीत नाही. तो हसला, मीही हसलो. डाव्या हाताची हवी असती तर मागवावी लागली असती म्हणे, उजव्याची तयार होती. म्हटलं, चला, नशिबानं साथ दिली.

घरी आणता येत नाही, ती परस्पर क्लबच्या कोठीत गेली. कागदपत्रं सगळी क्लबनंच केली. मी फक्त दुकानात तिच्यावरून हात फिरवला तेवढाच. आज तसनीमनं ती पहिल्यांदा चालवून पाहिली. मी नेहमीसारखा गेटबाहेर गाडीत बसलो होतो. आत सगळे मोठमोठे लोक, त्यांच्यात मी जाऊन करू काय? बाहेर आली तेव्हा विचारलं, कशी आहे गो? म्हणाली, "नाइस आहे, अब्बा." गाल लाल झाला होता. नवीन वस्तू, थोडं लागायचंच.

रुकैया असती तर आज शिरखुर्मा केला असता. मी बाहेरून बिर्याणी आणली.

तुझा,
इब्राहीम


दाभोळ
८ ऑक्टोबर २०२४

इब्राहीम,

वालेकुम सलाम. पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावून बसले. तीन मुलं वाढवली मी, कुणी खेळण्यातली पिस्तूल मागितली तरी पाठीत धपाटा घातला. आणि तू पोरीला खरी बंदूक घेऊन दिलीस! तीही तुर्कीची. मला तुर्की म्हणजे ते सिरियलमधले निळ्या डोळ्यांचे पुरुष एवढंच माहीत. ते बंदुका बनवतात होय?

बरं, घेतलीस ती घेतलीस. पोरगी खूश आहे ना, मग मीही खूश. पण नीट ऐक. तुझी नोकरी जाणार, तुझं ब्लडप्रेशर तसलं, आणि घरात वीस वर्षांची मुलगी. नसरुद्दीनच्या शहजादचं स्थळ मी धरून ठेवलंय. मुलगा सौदीला आहे, शांत आहे, मान खाली घालून बोलतो. त्याची आई दर जुम्म्याला विचारते. मी तिला सांगितलंय, डिसेंबरपर्यंत थांब. पोरीची दिल्लीला निवड झाली तर प्रश्न मिटला, मी स्वतः पेढे वाटीन आणि त्यांना नाही म्हणून कळवीन. नाही झाली तर जानेवारीत निकाह. मंजूर? तूच परवा कबूल केलंयस, आता मागे सरू नकोस.

आणि दात करून घे. वर्षभर एका बाजूनं चावतोयस. मला कमी ऐकू येतं, पण व्हिडिओ कॉलवर दिसतं सगळं.

आपा


अल थुमामा
११ ऑक्टोबर २०२४

फुफी,

अस्सलामु अलैकुम. माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीतच आहे, चुका झाल्या तर हसा. तुम्ही अब्बांच्या आपा, म्हणून त्यांच्या आधी मला तुमच्याशीच बोलायचंय. प्लीज, हे पत्र वाचून डिलीट करा.

फुफी, गन चुकीची आली. मी डावखुरी शूट करते. लिहिते उजव्या हातानं, जेवते उजव्या हातानं, पण पहिल्या दिवसापासून गन डाव्या खांद्यावर घेते. पहिल्याच दिवशी मजीद सरांनी माझे डोळे तपासले होते. नेम धरणारा डोळा प्रत्येकाचा एकच असतो, माझा डावा आहे. क्लबमध्ये डाव्या हाताची एकच जुनी गन आहे, ती जवळजवळ माझीच झालीय. अब्बा कधी आत आलेच नाहीत. त्यांना कसं माहीत असणार?

उजव्या हाताच्या गनचा दस्ता थोडासा बाहेर वळवलेला असतो. नुसतं बघून कळत नाही. बॉक्स उघडला तेव्हा सर नव्हते. मला एवढा आनंद झाला होता की मी लगेच लोड केली. तबकड्या सुटत गेल्या आणि मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून अख्खा राउंड मारला. नऊ फुटल्या. गालावर असं लागलं की डोळ्यात पाणी आलं. मग सर आले, त्यांनी गन हातात घेतली आणि म्हणाले, "तसनीम, ये तो राइट की है." पण एकदा फायर केलेली गन दुकान परत घेत नाही.

गेटबाहेर अब्बा गाडीची काच खाली करून बघत होते. त्यांनी दात करायचे पैसे यात घातलेत. मी नाइस आहे म्हणाले.

सर म्हणतात, डाव्या हाताचा दस्ता तुर्कीहून वेगळा मागवता येतो. आज ऑर्डर दिली तर डिसेंबरच्या सुरुवातीला येईल, दिल्लीला जायच्या आत बसवून होईल. पण त्यासाठी अब्बांना सांगायलाच हवं. ते आजकाल रोज फोनवर सगळ्यांना सांगतायत, मुलीसाठी बंदूक घेतली. मशिदीत इमामसाहेबांनासुद्धा सांगितलं!

फुफी, सांगू का त्यांना? तुम्ही सांगाल तसं करते.

तुमची,
तसनीम


दाभोळ
१४ ऑक्टोबर २०२४

तसनीम बाय,

अजिबात सांगू नकोस.

तुझा बाप वरून हसतो, पण आतून पार खचलाय. रुकैया गेल्यावर त्याला एवढा खूश मी पहिल्यांदाच पाहिला. आधीच नोकरी सुटतेय. त्यात आपण पोरीच्या अखेरच्या संधीला चुकीची वस्तू घेऊन दिली असं त्याला कळलं तर तो जेवायचा नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत त्याच्या. त्याला काही झालं तर मग तू कुणासाठी खेळणार?

आणि मला सांग, एवढं घाबरण्यासारखं त्यात आहे काय? तुझी आई आजारी होती तेव्हा तू वर्षभर माझ्याकडे होतीस. चार-पाच वर्षांची असशील. डाव्या हातानं बांगड्याचं सालन खायचीस. लोक नाकं मुरडायचे, डावरी आहे म्हणायचे. दोन महिन्यांत मी तुला उजव्यावर आणलं. एकदाही मारलं नाही हं, नुसतं प्रेमानं. आज कुणी म्हणेल का, ही पोरगी डावरी होती? हात म्हणजे काय, वळवावा तसा वळतो. डिसेंबरला चांगले दोन महिने आहेत. उद्यापासून बंदूक उजव्या खांद्यावर घे. सुरुवातीला दोन दिवस जड जाईल, मग हात आपोआप जाईल. चांगलं काम उजव्या हातानंच करावं, बरकत असते.

तुझ्या सरांना म्हणावं, आमच्या फुफीनं सांगितलंय. मी दुआ करतेय. बापाला एक शब्द बोलू नकोस.

फुफी


अल थुमामा
८ नोव्हेंबर २०२४

आपा,

सलाम. महिना झाला तुला लिहून. कंपनीचं स्टोअर रिकामं करणं चालू आहे. रोज मोजून माल ट्रकवर चढवायचा आणि आपल्याच हातानं रिकाम्या झालेल्या मांडण्या बघायच्या. एकतीस डिसेंबरला खलास.

माझं सोड. पोरीकडे बघून जीव थाऱ्यावर नाही. आठवड्यातून चार दिवस क्लबला जाते, परत येते ती डोकं धरून. मी विचारतो, किती फोडल्यास? "ठीक आहे अब्बा." बस्स. आधी गाडीत बसल्या बसल्या सगळं सांगायची, कुठली डावीकडून आली, कुठली उजवीकडून, मला डोंबल काही कळायचं नाही पण मी हां हां करायचो. आता काचेतून बाहेर बघत बसते. परवा तिच्या शूटिंगच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावलेली दिसली. म्हटलं, हे काय गो? म्हणाली, डोळ्यांचा व्यायाम. मी ऑफिसातल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, डोळा आळशी झाला की डॉक्टर तसं करायला सांगतात. डोळ्याला काही झालंय का तिच्या? तू बाई आहेस, तुला सांगेल.

का तुर्कीची बंदूकच भिकार निघाली? ऑफिसात सगळे हसले होते, स्वस्तातला माल म्हणून. मजीद सर म्हणून तिचे कोच आहेत. त्यांनी गेल्या जुम्म्याला मला गेटपाशी हाक मारली. मी उतरणार तेवढ्यात ही धावत आली, म्हणाली, "अब्बा, यल्ला, उशीर होतोय." कसला उशीर? घरी येऊन झोपली. सर तसेच उभे होते.

माझ्यापासून काहीतरी लपवतायत असं वाटतं. एखादा मुलगाबिलगा असेल तर सांग बाई, मी रागावणार नाही. एवढी मेहनत करून पोरगी अशी का सुकत चाललीय ते मला कळायला हवं.

इब्राहीम


दाभोळ
१० नोव्हेंबर २०२४

इब्राहीम,

मुलगाबिलगा काही नाही. मनात भलतंसलतं आणू नकोस. मी तिच्याशी बोललेय. परीक्षा जवळ आली की मुलं अशीच होतात, आपली पोरं दहावीला कशी झाली होती आठव. नवीन वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो. तू बंदुकीला नावं ठेवू नकोस आणि त्या सरांच्या मागे लागू नकोस. बाप मध्ये पडला की मुलीला अवघडल्यासारखं होतं.

नसरुद्दीनकडच्यांनी हॉलची चौकशी केलीय. मी म्हटलं, अजून घाई नको.

गोळ्या वेळेवर घे.

आपा


अल थुमामा
२९ नोव्हेंबर २०२४

फुफी,

सहा आठवडे झाले. तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं. घरी झाडू उजव्या खांद्याला लावून आरशासमोर उभी राहते. डावा डोळा झाकते. क्लबमध्ये सगळे आधी मला उजवीकडून मारू नको म्हणत होते, मग म्हणायचे बंद झाले. मजीद सर माझ्यावर ओरडले, मग अब्बांशी बोलायला गेले, मी त्यांना बोलू दिलं नाही. आता ते माझ्या राउंडला दुसरीकडे जाऊन उभे राहतात.

हात वळला, फुफी. खरंच वळला. गन आता उजवीकडे सहज येते. पण डोळा वळत नाही. झाकला की तबकडीच उशिरा दिसते, उघडला की तोच पुढे येतो आणि मी बाजूला मारते. सर पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते. मला वाटलं ते माझ्या फुफीला ओळखत नाहीत.

सगळ्यात वाईट अजून लिहिलंच नाही. काल मी घाबरून क्लबची जुनी डावी गन घेतली. म्हटलं, निदान एकदा बरं वाटू दे. डाव्या खांद्यावर घेतली आणि मला कळेना गाल कुठे ठेवायचा. तीन वर्षं जे विचार न करता होत होतं ते आता विचार करूनही होत नाही. दहा फुटल्या. सरांनी माझ्या हातातून गन काढून घेतली आणि म्हणाले, "घर जाओ, बेटा."

पुढच्या जुम्म्याला क्लबची मॅच आहे, दिल्लीच्या आधीची शेवटची. अब्बा म्हणतायत, या वेळी आत येऊन बघणार. नवा शर्ट घेतलाय. मी काय करू? दस्ता आता मागवला तरी येणार नाही. फुफी, तुम्ही तरी त्यांना काही सांगा. मला नाही सांगता येत आता.

तसनीम


अल थुमामा
७ डिसेंबर २०२४

आपा,

काल आत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं होतं तसं आत काही नव्हतं. साध्या खुर्च्या, चहा, मुलांचे आईबाप. कुणीही मला काय काम म्हणून विचारलं नाही. इतकी वर्षं मी उगाचच गाडीत बसलो.

तसनीम उभी राहिली. बंदूक उजव्या खांद्याला, अक्रोडाचं लाकूड उन्हात झळकत होतं, आणि मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मी शेजारच्या माणसाला म्हटलं, माझी मुलगी. मग तिनं आवाज दिला, तबकडी सुटली आणि तशीच लांब जाऊन पडली. दुसरी पण. तिसरी पण. मला वाटलं, घाबरलीय, आत्ता लागेल. शेजारचा माणूस दुसरीकडे बघायला लागला. पंचवीसात सहा फुटल्या आपा. अकरा-बारा वर्षांची पोरं तिच्या पुढे गेली.

मी मजीद सरांना गाठलं. म्हटलं, बंदूक खराब आहे ना? मला खरं सांगा, मी दुकानदाराला सोडत नाही. ते म्हणाले, "गन बहोत अच्छी है सर. पर आपकी बेटी लेफ्टी थी." मला काही कळेना. ते परत म्हणाले, "लेफ्टी थी. बहोत अच्छी लेफ्टी थी." मग हातानं करून दाखवलं, डावा खांदा.

दुकानातला तो मलबारी माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यानं विचारलं होतं गो. सरळ सरळ विचारलं होतं. आणि मी त्याला आपल्या घराण्याच्या गप्पा सांगत बसलो!

मी म्हटलं, क्लबची डावी बंदूक आहे ना, तिच्यावर खेळू द्या तिला, मी कुणाच्याही पाया पडून ती दिल्लीला न्यायची परवानगी काढतो. त्यांनी आणून दिली. मॅच संपल्यावर सगळे गेल्यानंतर तिनं घेतली, डाव्या खांद्याला लावली. परत काढली. परत लावली. मग खाली ठेवली आणि म्हणाली, "अब्बा, ती पण गेली."

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो. डाव्या हाताचा दस्ता जानेवारीच्या अखेरीस येईल म्हणाले. चाचणी वीस तारखेला. आणि आला असता तरी काय? सर म्हणतात, आता तिला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, वर्ष तरी जाईल. तिच्याकडे वर्ष नाही. माझ्याकडे महिनासुद्धा नाही.

मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, तुम्हाला वाईट वाटलं असतं. एवढंच. उजव्या हातानं मारायचं हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं असं विचारलं, तर म्हणाली, माझंच ठरलं. आपा, वीस वर्षं पोर माझ्या घरात आहे, माझ्या ताटात जेवते, आणि मला माहीत नाही ती डावखुरी आहे. मी कसला बाप?

एक विचारतो. तुझ्याकडे वर्षभर होती ती. ती डावखुरी आहे हे तुला तरी माहीत होतं का?

इब्राहीम


दाभोळ
९ डिसेंबर २०२४

इब्राहीम,

पत्र वाचून रडू आवरलं नाही. स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. दुकानात कुणीही तेच उत्तर दिलं असतं.

मला कसं माहीत असणार रे? मी तिला उजव्या हातानंच जेवताना पाहिलंय. आणि बंदूक कुठल्या खांद्यावर घेतात, त्याला डावं-उजवं असतं, हे आम्हा खेड्यातल्या बायकांना कुठून कळणार? पोरीनं आपल्या दोघांपासून लपवलं. लहान आहे, घाबरली असेल. तिला रागावू नकोस.

जे व्हायचं ते झालं. आता तिला मोकळी सोडू नकोस, नाहीतर खोलीत बसून कुढत बसेल. नसरुद्दीनकडे शब्द देऊ का ते कळव. मुलगा चांगला आहे.

आपा


अल थुमामा
१३ डिसेंबर २०२४

फुफी,

दिल्लीची एंट्री मी काल कॅन्सल केली. गन क्लबला देऊन टाकली. अब्बा विकायची म्हणत होते, मी नको म्हटलं. एका सुदानी मुलीला दिलीय, तेरा वर्षांची आहे, उजव्या हाताची. पहिल्याच राउंडला तिच्या सतरा फुटल्या. खरंच चांगली गन आहे ती.

शहजादला माझा होकार कळवा. अब्बांनी तीनदा विचारलं, मनापासून सांग. मी हो म्हटलं. आता मनापासून म्हणजे काय ते मला नीट आठवत नाही, पण नाही म्हणायला कारणही सापडलं नाही. एकच अट आहे, त्यांच्या घरी शूटिंगचं कुणी काढू नये. मुलगी काय करायची असं विचारलं तर शिकत होती म्हणून सांगा.

अब्बा दिवसभर घरी असतात. कंपनीनं आधीच सुट्टी दिली. भांडी घासतात, परत घासतात. माझ्याशी बोलताना माझ्या हातांकडे बघतात. काल मी चमचा डाव्या हातात घेतला तर घाईनं म्हणाले, घे घे, त्याच हातानं घे, काही हरकत नाही. मी चमचा ताटात ठेवून दिला.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. अब्बा फोन घेऊन आत आले. आठवड्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा थोडा बरा दिसला. म्हणाले, ऐक, आपानं काय लिहिलंय. आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं, "मला कसं माहीत असणार रे?" वाचून म्हणाले, "बघ, आपालासुद्धा माहीत नव्हतं. म्हणजे मी एकटाच आंधळा नव्हतो."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, खरंच अब्बा, फुफींना कसं माहीत असणार.

मला आता लिहू नका. त्यांना लिहीत जा.

तसनीम